फ्लेक्सवीर आणि मुगाची खीर

"माझा फोटो आणखी मोठा कर. आणखी! त्या अंकुशरावाच्या बोर्डावर त्याचं नुसतं नाक माझ्या डोक्याएवढं हाय."

बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबादच्या बसस्टँडसमोर व्यंकटचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तिथं कॉम्प्युटरपुढं बसून श्रीदेवीला रोज हेच ऐकावं लागे. वाढदिवस असो, निवड असो की स्वागत. बोर्ड कसलाही असला तरी भांडण एकच. कुणाचं तोंड केवढं आणि कुणाच्या शेजारी! गालावरचे खड्डे पुसायचे, रंग उजळायचा, पोट आत घ्यायचं, मागं सूर्याचे किरण सोडायचे. श्रीदेवीचा हात या कामावर इतका बसला होता की आता ती माणसाकडं बघायची ती सुद्धा कुठं कापावं आणि कुठं पुसावं याच नजरेनं. आपल्यापैकी कुणाच्या गावात असा चौक नाही, सांगा! देवळाचा कळस दिसत नाही, पण हात जोडलेले हसरे चेहरे मात्र कोसावरून दिसतात.

आज समोर बसला होता प्रभुलिंग. श्रीदेवीच्याच गावचा, निर्ण्याचा. सिद्धलिंगप्पा आडतवाल्यांचा एकुलता एक मुलगा. वडील लिंगैक्य होऊन, म्हणजे वारून, अजून वर्ष व्हायचं होतं. त्यांच्या माघारी आडत दुकान मुनीम बघत होता आणि प्रभुलिंग 'प्रभू अण्णा मित्र मंडळ' बघत होता. गावातला दुसरा पुढारी अंकुशराव, त्याच्याशी त्याची कायमची चुरस. खोटं कशाला बोलावं, कामं तो चांगली करी. थंडीत घोंगड्या वाटल्या, शाळेत दप्तरं दिली, आजाऱ्याला आपल्या गाडीतून बीदरला नेलं. पण त्याच्या पुढं मोबाईल धरून उलटी चालणारी दोन पोरं कायम असत. एकदा त्या पोरांच्या फोनचं चार्जिंग संपलं, तर घोंगड्यांचं वाटप दुसऱ्या दिवसावर गेलं! गारठलेली म्हातारी माणसं तशीच घरी परतली.

"आता ही बाई माझ्या उजव्या हाताला घे," प्रभुलिंगनं फोनमधला फोटो पुढं केला.

फोटोत एक बाई किराणा सामानाची पिशवी घेत होती. मान खाली, हात पसरलेला. श्रीदेवी दचकली.

"अण्णा, ह्या तर आमच्या शेजारच्या लिंगम्मा अक्का!"

"मग? महिनाभर तापात पडल्या होत्या. मीच सामान दिलो."

"व्हय, पण बोर्डावर..."

"वाढदिवसाचा बोर्ड हाय माझा. गरिबाचा कैवारी म्हणायचं तर गरीब नको का दाखवाय? आन एक सांगतो. बाईचा चेहरा जरा बराच दिसायलाय. आणखी गरीब कर."

"गरीब कर म्हंजे?"

"म्हंजे थोडं काळं कर, चार सुरकुत्या टाक. बगून वाईट वाटाय पायजे का न्हाई लोकांना?"

श्रीदेवीनं मालकाकडं पाहिलं. व्यंकटनं डोळ्यानंच सांगितलं, गिऱ्हाईक मोठं आहे, बोलू नको. मग तिच्या सरावलेल्या हातानं काम केलं. प्रभुलिंगच्या गालावरची सावली पुसली आणि लिंगम्माच्या गालावर टाकली. तो उजळत गेला, ती काळवंडत गेली.

निर्ण्याच्या चौकात, बस थांबते त्याच्या समोरच, तो बोर्ड उभा राहिला.

लिंगम्मा कडक भाकरी करून विकत. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. नवरा गेल्यावर त्या भाकरीच्या जिवावर त्यांनी घर उभं ठेवलं होतं, कुणापुढं शब्द टाकला नव्हता. तापानं अंथरुणाला खिळल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांनी कुणाचं काही घेतलं. आणि तेच नेमकं चौकात टांगलं गेलं!

लिंगम्मा बसमधून उतरल्या की पोरं ओरडत, "फ्लेक्सवाली आली रे!" हुमनाबादचा हॉटेलवाला तर तोंडावर म्हणाला, "अक्का, तुमाला आता फुकट मिळायलंय की! भाकरी कामून करायलाव?"

गावच्या मठाची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेत हजारो माणसं दासोहाला, म्हणजे मठाच्या पंगतीला बसतात. त्यासाठी आठवडाभर आधीपासून घराघरांत कडक भाकरी थापल्या जातात. टोपली कापडानं झाकायची, मठात न्यायची आणि मोठ्या ढिगात रिकामी करायची. कुणाची भाकरी कुठली, कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. त्या आठवड्यात निर्ण्याच्या गल्लीतून चाललं की दोन्ही बाजूंनी धप्प धप्प असा एकच आवाज येतो. यंदा त्या आवाजात एक घर मुकं होतं.

श्रीदेवी लिंगम्माच्या दारात गेली. चूल थंड होती.

"अक्का, तुमची चूल कामून पेटली न्हाई?"

"कुठल्या तोंडानं भाकरी पाठवू, पोरी?" लिंगम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. "ह्या गावात सून म्हणून आले तवापासनं मठाला माझी टोपली चुकली न्हाई. आता चौकात बग जा. हात पसरून उभी हाय मी. लोक म्हणतील, फुकटच्या पिठाच्या भाकरी आणल्या हिनं."

"कुणी न्हाई म्हणत, अक्का."

"म्हणायलेत. तू दिवसभर दुकानात असतीस, तुला ऐकू येत न्हाई." मग त्या हळूच म्हणाल्या, "आन श्रीदेवी, तो चेहरा तरी माझा हाय का ग? मी आरसा काढून बगितलं. एवढी म्हातारी कवा झाले मी?"

श्रीदेवीची मान खाली गेली.

"जत्रा झाली की कलबुर्गीला बहिणीकडं जाते," लिंगम्मा म्हणाल्या. "घराला कुलूप घालते. माझ्याच चौकातनं मान खाली घालून जायचं, ते मला जमंना."

बोचकं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं.

श्रीदेवी घरी आली आणि चित्रकलेची वही काढून बसली. लहानपणापासून तिला चित्रकथा काढायचा नाद. राग, दुःख जे काही असेल ते चौकटी आखून त्यात भरायची. त्याच रात्री जागून तिनं एक आख्खी चित्रकथा काढली. नाव दिलं, 'फ्लेक्सवीर'!

काय ती मंडळी! पाठीवर पदराऐवजी स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स बांधून आकाशातून उडणारे चार महावीर. पहिला खुद्द फ्लेक्सवीर. दुसरा हारसम्राट, ज्याच्या गळ्यात इतके हार की डोळेच झाकलेले. तिसरी रीलराणी. चौथा फीतकाप्या, दिसेल ते उद्घाटन करणारा. टाळ्या ऐकल्या की त्यांच्या अंगात बळ येई आणि फोन बंद पडला की ते धपाधप खाली पडत.

गावात एक म्हैस विहिरीत पडते. महावीर धावून येतात. पण मधोमध कोण उभं राहणार? म्हैस खाली हंबरते आहे आणि वर चौघांची ढकलाढकली चालली आहे. फीतकाप्या म्हणतो, आधी विहिरीचं उद्घाटन करू. तोवर म्हशीची मालकीण चार बायांना बोलावते, दोर टाकते आणि म्हशीला वर काढते. शेवटच्या चौकटीत फ्लेक्सवीर ओरडतो, "थांबा! उजेड बरोबर न्हवता. म्हैस पुन्हा आत ढकला!"

श्रीदेवीनं पानांचे फोटो काढून आपल्या भजन मंडळाच्या ग्रुपवर टाकले. नाव घातलं नाही. वाटलं, चार बायका हसतील. पण दोनच दिवसांत ती म्हैस भालकी, बसवकल्याण, चिंचोळी, सगळा मुलूख फिरून आली! पानाच्या टपरीवर, तहसीलच्या ओट्यावर जो तो हसत होता. आणि गंमत अशी की प्रत्येकाला त्यात दुसराच कुणीतरी दिसत होता.

प्रभुलिंग तर दुकानात येऊन डोळे पुसू पुसू हसला. "बगितलीस का, श्रीदेवी? कुणीतरी त्या अंकुशरावाची पार इज्जत काढलाय! म्हैस पुन्हा ढकला म्हणे! अगदी तसाच हाय तो."

प्रभुलिंगनं त्याच संध्याकाळी चित्रकथेच्या प्रत्येक पानावर आपला हसरा फोटो लावला, खाली लिहिलं 'प्रभू अण्णा मित्र मंडळ प्रस्तुत', आणि सगळ्यांना पाठवून दिली!

आता मात्र श्रीदेवीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चित्रं माझी आणि नाव त्याचं? सकाळी पूजेला बसली, तर हातात इष्टलिंग आणि नजर फोनवर. किती जणांनी बघितलं? कुणी विचारलं का, काढली कुणी म्हणून? कपाळाला विभूती लावायची राहून गेली ते तिला दुपारी दुकानात आरशात बघताना कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मठात गेली. दासोहाचं स्वयंपाकघर कमलम्मा बघतात. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. बोलणं हळू, पण एकदा बोलल्या की विषय संपतो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"शरणु शरणार्थी, अक्का," म्हणत श्रीदेवी शेजारी बसली आणि एका दमात सगळं सांगितलं.

कमलम्मांनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "म्हंजे तुझ्या चित्रात चार वीर होते. पाचवी तू व्हायलीस का?"

"अक्का!"

"तुला त्याचा राग आला, का त्याच्या जागी तू न्हाईस म्हणून राग आला? हे तुझं तूच बग. मी काय म्हणणार न्हाई." त्यांनी सूप हलवलं. "मला एवढंच सांग, चित्रं बगून लिंगम्मा हसली का?"

सगळ्या मुलखानं चित्रं पाहिली होती. ज्यांच्यासाठी काढली त्या लिंगम्माकडं साधा फोन होता, तीन घरांपलीकडं राहणाऱ्या त्यांना दाखवायचं श्रीदेवीला सुचलंच नव्हतं!

ती तशीच वही घेऊन लिंगम्माकडं गेली. लिंगम्मांनी एकेक चौकट बोटानं चाचपत पाहिली. म्हशीपाशी ओठांवर जरासं हसू आलं. वही मिटून त्यांनी परत दिली.

"म्हैस वर आली, बरं झालं. माझा बोर्ड कवा खाली येतंय?"

त्या एका प्रश्नानं श्रीदेवीचं सगळं चित्रकारपण उतरलं. चार गावं हसवली, पण चौकातला बोर्ड जागच्या जागी होता. तो छापला होता तिनंच!

ती थेट प्रभुलिंगच्या आडत दुकानात गेली.

"अण्णा, लिंगम्मा अक्काचा बोर्ड उतरवा. ती बाई गाव सोडून जायलीय."

"वेडी हाईस का? जत्रेला सगळा तालुका येतंय. तवर बोर्डाला हात लावायचा न्हाई!"

"त्यांचा चेहरा मी काळा केले, अण्णा. मला झोप न्हाई."

"अगं, मदत केलो मी तिला! शिवी दिलो का?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन "व्हय अक्का, व्हय अक्का" म्हणाला आणि परत आला तेव्हा त्याची छाती दोन बोटं फुगलेली होती.

"ऐकलीस? मठातनं कमलम्मा अक्काचा फोन होता. काय म्हणाली माहीत हाय? 'दासोहक्क निम्म हेसरु बेकप्पा!' दासोहाला तुमचं नाव पायजे म्हणाली! तू माझा बोर्ड उतरवायलीस, आन मठ माझं नाव मागायलाय!"

कन्नडमध्ये हेसरु म्हणजे नाव. सीमेवरच्या या गावांत पोरगं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतच मोठं होतं, तेव्हा न कळण्यासारखं काही नव्हतं. तरी श्रीदेवीला पटेना.

"कमलम्मा अक्का आन नाव मागतील? अण्णा, एकदा नीट विचारून घ्या."

"मला काय कन्नड येत न्हाई? ट्रॅक्टरच्या लांबीचा बोर्ड पायजे. वर मोठ्या अक्षरांत लिही, 'दासोहाचे अन्नदाते प्रभू अण्णा'. लाग कामाला."

श्रीदेवीनं तो बोर्ड केला, पण जड मनानं. मठालाही नावाचा मोह पडावा? लिंगम्मांनी मग कुठं बघायचं?

जत्रेचा दिवस उजाडला. पालखी निघाली, हलगी कडाडली. मठाच्या मागच्या अंगणात चुलाणं पेटली होती. मोठ्या हंड्यांत पाणी खळखळत होतं, बाजूला गूळ फोडून ठेवला होता. या जत्रेचा नैवेद्य म्हणजे मुगाच्या डाळीची खीर. तिच्याशिवाय पंगत बसत नाही. बाया भाकरीच्या टोपल्या रित्या करत होत्या आणि ढीग माणसाच्या उंचीला आला होता.

एवढ्यात वाजतगाजत प्रभुलिंगचा ट्रॅक्टर आला. दोन्ही बाजूंनी त्याचा हसरा चेहरा, पुढं ती फोनवाली दोन पोरं. कमलम्मा पदराला हात पुसत लगबगीनं पुढं आल्या. "आलास बाबा? पाणी केव्हाचं उकळायलंय." त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डोकावून पाहिलं. ट्रॉली रिकामी.

"हेसरु कुठं हाय, प्रभू?"

"हे काय अक्का!" प्रभुलिंगनं झोकात बोर्डाकडं हात केला. "एवढं मोठं हाय की! आणखी किती मोठं पायजे?"

कमलम्मांनी बोर्डाकडं पाहिलं. प्रभुलिंगकडं पाहिलं. पुन्हा ट्रॉलीत पाहिलं. आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! हेसरु रे बाबा, हेसरु! खिरीचे हेसरु! मूग!"

मग जो हशा उसळला तो पालखीपर्यंत गेला! कारण कन्नडमध्ये हेसरु म्हणजे नाव, हे खरं. पण हेसरु म्हणजे मूगसुद्धा! आडतवाल्याच्या पोराला, ज्याच्या दुकानात मुगाचे ढीग लागतात त्याला, हेसरु म्हटल्यावर मूग आठवले नाहीत. आठवलं फक्त स्वतःचं नाव!

"प्रभू अण्णानं नाव शिजवायला आणलंय, व्हो!"

"गूळ जास्त घाला, कडू असल!"

आणि गर्दीतून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं बाई, हेच की ते! चित्रातले फ्लेक्सवीर!"

प्रभुलिंगचा चेहरा पडला. परवापर्यंत ज्या चित्रावर तो डोळे पुसत हसला होता, त्या चित्रात अंकुशराव नव्हताच. पुढं ती दोन पोरं अजून शूटिंग करत होती. "बंद करा रे ते!" तो ओरडला. मग कमलम्मांकडं वळून चिडून म्हणाला, "मला काय माहीत मूग पायजे म्हणून? मुगाचा आन आमच्या घराचा काय संबंध?"

कमलम्मांचं हसू मावळलं. त्या जवळ आल्या.

"तुला ठाऊक न्हाई?"

"काय?"

"ह्या मठाची खीर इतकी वर्षं तुझ्या अप्पाच्या डाळीची व्हायची. जत्रेच्या आदल्या दिवशी सिद्धलिंगप्पा स्वतः पोती घेऊन यायचा. मागच्या दारानं. ठेवायचा, नमस्कार करायचा, जायचा. मी आन ही चुलाणं सोडून कुणाला ठाऊक न्हवतं." "मला वाटलं तुला तरी सांगितलं असल. न्हाई सांगितलं! सांगायचाच न्हाई तो."

प्रभुलिंग ट्रॉलीच्या कडेला टेकला. लहानपणापासून त्यानं दरवर्षी ही खीर वाट्या भरभरून खाल्ली होती. बापाच्या शेजारी बसून खाल्ली होती! आणि बाप नुसता हसून म्हणायचा, यंदा खीर चांगली झालीय.

"अप्पानं कामून सांगितलं न्हाई मला?" त्यानं विचारलं.

"कारण हे दासोह हाय, दान न्हवं." कमलम्मा हळूच बोलत होत्या, पण आता सगळं अंगण कान देऊन ऐकत होतं. "दानात देणारा ताठ उभा असतंय, घेणारा वाकतंय. दासोहात देणारा वाकतंय. तुझं काय चुकलं सांगू? तू मदत केलास, ते लई चांगलं केलास. पण लिंगम्माला पीठ दिलास आन तिची मान घेतलास. सौदा कुणाच्या फायद्याचा झाला, आडतवाला हाईस, तूच सांग!"

प्रभुलिंगनं डोळे पुसले. "आता काय करू, अक्का? दुकानात तूर हाय. मूग संक्रांतीच्या आधीच विकलो."

"खांद्यावरची शाल काढ. घरोघर जा, मूठ मूठ मागून आण."

"मी? मागू?"

"व्हय. मागताना हात कसा जड व्हतंय, ते एकदा कळू दे."

"अण्णा, एक नंबर रील व्हतंय!" फोनवाल्यांपैकी एक पोरगा पुढं झाला. "शालीची झोळी, उघडे पाय..." प्रभुलिंगनं दोघांच्या हातातले फोन काढून घेतले आणि श्रीदेवीच्या हातात दिले. "पिशवीत टाक हे. आन चल माझ्यासंगं. पहिलं घर कुणाचं, ते मला कळालंय."

लिंगम्माच्या दारात उभं राहून त्यानं शाल पसरली.

"अक्का... मुगाची डाळ हाय का घरात? मठाच्या खिरीला कमी पडलीय."

लिंगम्मा बाहेर आल्या. पसरलेली शाल पाहिली. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. "फोटोवाली पोरं कुठं हायत?"

"न्हाईत, अक्का. कुणी न्हाई."

"मग थांब."

त्या आत गेल्या. प्रभुलिंग शाल धरून उभा होता. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. कुणी हसत होतं, कुणी कुजबुजत होतं. त्याला वाटलं, जमीन फाटावी. लिंगम्माही अशाच उभ्या होत्या त्या दिवशी. आणि त्यांना तो म्हणाला होता, 'पुन्हा एकदा घ्या अक्का, फोटो हलला'. तीनदा घ्यायला लावलं होतं त्यानं!

लिंगम्मा डबा घेऊन आल्या आणि आख्खा डबा शालीत रिकामा केला.

"नीट धर की रे, सांडायलंय!"

"अक्का, सगळीच कामून ओतलाव?"

"मग मोजून देऊ का? मठाला द्यायलेय मी, तुला न्हाई!"

श्रीदेवीला हसू आवरेना आणि रडूही. प्रभुलिंग भरल्या शालीसकट वाकला. "चुकलो, अक्का."

"चुकलास. आधी खीर शिजू दे, मग बोलू."

पण श्रीदेवीला तेवढ्यावर थांबवेना. ती पुढं झाली. "अक्का, तुमचा चेहरा काळा केलेली मी हाय. कॉम्प्युटरवर. ह्या हातानं."

लिंगम्मांनी तिच्या हातांकडं पाहिलं. "व्हय का? मग त्याच हातानं बोर्ड उतरव. चल, मीबी येते."

आणि मग निर्ण्याच्या चौकात जे झालं त्याचा फोटो कुणाकडंच नाही! प्रभुलिंग बांबूवर चढला, श्रीदेवीनं खालचे दोर कापले आणि भर जत्रेत तो बोर्ड धाडकन खाली आला. लिंगम्मा रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, मान ताठ. "फ्लेक्सवाली" म्हणणारी पोरंच आता टाळ्या वाजवत होती.

पुढं प्रभुलिंग दारोदार फिरला. कुणी मूठ घातली, कुणी वाटी. अंकुशराव सुद्धा गुपचूप तांब्याभर डाळ घेऊन आले. यंदा त्यांनाही बोर्ड लावायचा धीर झाला नसावा! बिछायत कमी पडली तेव्हा कमलम्मांनी चौकातला आणि ट्रॅक्टरवरचे असे सगळे फ्लेक्स उलटे अंथरले. पांढऱ्याशुभ्र पाठीवर सगळ्या गावाची डाळ एकत्र ओतली आणि बाया निवडायला बसल्या. आडतवाल्याची कुठली, मजुराची कुठली, लिंगम्माची कुठली? साक्षात परमेश्वराला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं!

लिंगम्मा मध्येच उठून गेल्या. थोड्या वेळानं गल्लीतल्या त्या मुक्या घरातून धूर निघाला आणि आवाज आला, धप्प धप्प! त्या आल्या तेव्हा डोक्यावर टोपली होती. कडक करायला वेळ कुठला, मऊ, गरम भाकरीच होत्या. त्यांनी कापड काढलं आणि टोपली ढिगावर रिकामी केली. कमलम्मांनी हात जोडून देवाचा जयजयकार केला आणि अंगणभर बसलेल्या बायांनी तो असा उचलून धरला की हलगीवाला वाजवायचं विसरला!

पंगत बसली. प्रभुलिंग वाढत होता. खिरीची बादली घेऊन प्रत्येक पानापुढं कमरेत वाकून वाढत होता. एका पाहुण्यानं विचारलं, "यंदाची खीर कुणाची हो?" तो म्हणाला, "ठाऊक न्हाई. पण चांगली झालीय." आणि म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून आले.

श्रीदेवीनं पिशवीतले फोन त्या पोरांना परत दिले ते पंगती उठल्यावर. तिला बरेच जण विचारत होते, ती चित्रकथा कुणी काढली म्हणून. ती म्हणाली, "आमच्या गावानं." दुसऱ्या दिवशी पूजेला बसली तेव्हा तिची नजर तळहातावरच्या इष्टलिंगावरून ढळली नाही. व्यंकटला तिनं स्पष्ट सांगितलं, उजळ कुणालाही करीन, पण कुणाला गरीब करणार नाही. व्यंकट आधी कुरकुरला, मग म्हणाला, "बरं बाई, तसंच."

आणि लिंगम्मा? त्यांनी बोचकं सोडलं, कपडे पुन्हा दांडीवर टाकले आणि कलबुर्गीला बहिणीला फोन लावला. "मी न्हाई येत. तूच ये. खीर उरलीय!"

वाचकहो, मदत आपण जरूर करावी. पुष्कळ करावी, रोज करावी. पण ज्याच्या हातावर काही ठेवतो त्याची मान आपल्या फोटोसाठी खाली जाऊ नये. भुकेल्याला आपलं नाव शिजवून खाता येत नाही. त्याला मूठभर मूगच लागतात. म्हणून देताना एका हातानं द्यावं आणि दुसऱ्या हातानं फोन खिशात ठेवावा. आपण काय दिलं ते घेणाऱ्याच्या पोटाला कळतं आणि वरच्याला कळतं. आणखी कुणाला कळायची गरजच काय!